काजळ, सफेदा आणि ऊन

इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानच्या किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या कोणा एका ग्रीक भाषिक गृहस्थाने आपली माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती वही आज जगभर ओळखली जाते. बंदरे, वारे, भरती-ओहोटी आणि कोठे कोणता माल खपतो, यापलीकडे या गृहस्थाची नजर सहसा जात नाही. परंतु दख्खनच्या दोन पेठा त्याने नावानिशी नोंदल्या आहेत. एक पैठण आणि दुसरी, पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरची, तगर. पैठणहून अकीकाचे दगड येत आणि तगरहून साधे कापड, नाना तऱ्हांच्या मलमली आणि ‘मोलोचिनॉन’ नावाचे एक कापड येई. हा सारा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदरावर उतरे.

हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे तेर, असे १९०१ साली फ्लीट या संशोधकाने साधार मांडले. पुढे १९५८ साली चापेकरांनी तेथे उत्खनन केले. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचे संग्रहालय तेथे आहे, ते पाहिले म्हणजे त्या जुन्या वैभवाची खात्री पटते. गोरोबाकाका कुंभारांचे तेर ते हेच. जिल्ह्याचे नाव पूर्वी उस्मानाबाद होते, २०२३ साली ते सरकारदप्तरी धाराशिव झाले. पण तेरचे नाव तगर या रूपाने दोन हजार वर्षांपूर्वीच रोमच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी बसले होते.

मोलोचिनॉन म्हणजे नेमके काय, यावर पंडितांत वाद आहे. जास्वंदीच्या कुळातल्या फुलासारख्या जांभळट रंगाचे जाडसर कापड, असा एक अर्थ केला जातो. तो खरा मानला, तर तगरच्या गाड्यांतून कापडाबरोबर रंगही परदेशी जात होता असे म्हणावे लागेल. आणि रंग आला की रंगाऱ्याचा जन्मभराचा वैरीही आलाच. तो वैरी म्हणजे ऊन.

पाण्याने रंग जातो तो धुण्याच्या दगडावर, डोळ्यांदेखत. ऊन मात्र रंग चोरते आणि चोरीचा पत्ता लागू देत नाही. पडदा उन्हाच्या बाजूने पांढुरका होतो, पागोट्याचा वरचा पेच फिका पडतो आणि आतला तसाच राहतो. दख्खनच्या रंगाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते. नीळ आणि आल हे त्यांचे भरवशाचे रंग. आलीच्या मुळांत तुरटीच्या साह्याने रंगविलेला तांबडा खारवा फाटेपर्यंत रंग सोडीत नसे. कुसुंब्याची गोष्ट वेगळी. कुसुंबा म्हणजे आपल्या करडईच्या फुलांचा रंग. धाराशिवकडे शाळूच्या रानाला कडेने करडईचे पाटे असत, कारण काटेरी करडईत गुरे शिरत नाहीत. त्या फुलांतला पिवळा भाग पाण्याने धुऊन टाकायचा, उरलेला तांबडा सज्जीखाराने सोडवायचा आणि लिंबाच्या आंबटाने कापडावर बसवायचा, अशी ती नाजूक रीत होती. असा गुलाबी की पाहत राहावे! पण आठ-पंधरा दिवस उन्हात वावरला की पाहण्यासारखे काही राहत नसे. म्हणून कुसुंबी वस्त्र सणासुदीचे आणि खारवा रोजचा.

एक रंग मात्र उन्हाला मुळीच भीत नाही. तो आपल्या घरोघरी आहे. पेटत्या वातीवर तांब्याची ताटली धरली की तिच्या बुडाशी जमते ते काजळ. जुन्या कारकुनांची शाई याच काजळाची. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीची मोडी कागदपत्रे पाहा. कागद पिवळा पडला आहे, कडा कुरतडल्या आहेत, पण अक्षर काल लिहिल्यासारखे काळेभोर आहे. काजळ म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन आणि त्याला उन्हाने करण्यासारखे काही उरलेले नसते. या काजळाची आपल्याला पुढे गरज पडणार आहे, म्हणून ते येथे ठेवून देतो.

१८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या पर्किन नावाच्या मुलाने डांबरातल्या द्रव्यापासून कोयनेल बनविण्याचा खटाटोप केला. कोयनेल झाले नाही, त्याऐवजी भांड्यात जांभळा रंग मिळाला. त्या एका जांभळ्या रंगाने जगातल्या रंगाऱ्यांची चूल उलटून टाकली. १८६८ साली मंजिष्ठेतला तांबडा प्रयोगशाळेत झाला, १८९७ साली जर्मनांनी कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडची आल, नीळ, कुसुंबा ही सारी रंगाऱ्यांची दौलत पुढच्या काही दशकांत मातीमोल झाली. तुळजापूर-नळदुर्गचा माणूस पोटासाठी शेजारच्या सोलापुरास गिरणीत जाऊ लागला तो याच युगातला. गिरणीत रंग येई तो डब्यातून, परदेशी नावाचा. १९५६ साली इंग्लंडात सुती धाग्याशी रासायनिक गाठ मारून बसणारे रंग निघाले आणि ‘पक्का रंग’ या शब्दाला खरा अर्थ आला. धुवा, उन्हात टाका, रंग जायचा नाही!

गृहिणींना ही पर्वणीच होती आणि रंगाऱ्यांचे दोन हजार वर्षांचे मागणे पुरे झाले होते. पण कापडावर जो रंग बसत नाही त्याचे काय होते, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. धाग्याशी गाठ मारणाऱ्या या रंगांपैकी चांगलाच मोठा हिस्सा गाठ न मारताच धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. ते पाणी ओढ्यात, ओढा नदीत. आणि जो रंग पागोट्यावर उन्हाला दाद देत नाही तो नदीत तरी का द्यावा? जंतू त्याला सहजासहजी खात नाहीत. शिवाय यातल्या ‘अझो’ जातीच्या काही रंगांचे, हवा नसलेल्या चिखलात, कर्करोग आणणाऱ्या द्रव्यांत रूपांतर होते. १९९७ साली भारत सरकारने सत्तर अझो रंगांवर बंदी घातली ती या कारणाने. पक्केपणा हा गुण मागून घेतला, तोच पाण्यात दुर्गुण ठरला.

उन्हाने रंग खावा, ही जी रंगाऱ्याची भीती, तीच आता पाणी शुद्ध करणाऱ्यांची इच्छा झाली. आणि ती पुरी करू शकणारे द्रव्य सापडले ते दुसऱ्याच एका धंद्यातल्या तक्रारीतून.

घराच्या भिंतीला आणि दारांना जो पांढरा रंग देतात त्याला आपल्याकडे सफेदा म्हणण्याची पद्धत. जुना सफेदा शिशाचा, आणि म्हणून विषारी. १९१६ ते १९२१ च्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिका या देशांत एक नवा सफेदा कारखान्यातून निघू लागला. तो टायटेनियम या धातूचा. ही धातू कॉर्नवॉलमधल्या ग्रेगर नावाच्या पाद्र्याला १७९१ साली ओढ्यातल्या काळ्या वाळूत सापडली होती आणि क्लाप्रोथ या जर्मन रसायनज्ञाने १७९५ साली तिचे बारसे केले. काळ्या वाळूतून जगातला सर्वांत पांढरा रंग निघावा, ही सृष्टीची थट्टाच म्हणायची. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही इल्मेनाइटची तशी काळी वाळू आहे आणि केरळच्या किनाऱ्यावर तर ती विपुल आहे. इतकेच काय, धाराशिवचा काळा खडक, ज्याच्यात लेणी कोरली आणि ज्याने नळदुर्गचा तट बांधला, त्या दख्खनच्या लाव्हाच्या खडकातही शंभर भागांत दोन-तीन भाग टायटेनियम डायऑक्साइड असते. फक्त ते लोखंडाशी जखडलेले असते आणि म्हणून पांढरे दिसत नाही.

नवा सफेदा विषारी नव्हता, झाकण्याची शक्ती त्याची दांडगी होती. पण रंगारी कुरकुरू लागले. उन्हातल्या भिंतीवरून हात फिरवला तर पांढरी भुकटी हाताला लागे. डांबरी रंग या सफेद्यात मिसळले तर ते नेहमीपेक्षा लवकर उडत. १९२१ साली रेन्झ याने पाहिले होते की ग्लिसरीनसारख्या द्रव्याच्या सहवासात हा सफेदा उन्हात ठेवला तर काळवंडतो. १९२९ साली कायडेल या जर्मन माणसाने डांबरी रंग उडण्याचा दोष सफेद्याच्या पदरी बांधला. आणि १९३८ साली लंडनच्या गुडीव्ह व किचनर या दोघांनी एका निळ्या रंगावर प्रयोग करून दाखवून दिले की, अपराधी ऊन एकटे नाही. सफेदा ऊन पकडतो आणि रंगाच्या अंगावर सोडतो, आणि स्वतः मात्र जसाच्या तसा राहतो. जो स्वतः खर्च न होता दुसऱ्यांतली क्रिया घडवून आणतो त्याला रसायनशास्त्रात उत्प्रेरक म्हणतात. तेव्हा हा प्रकाशाने चालणारा उत्प्रेरक झाला. पण १९३८ साली त्याचा अर्थ एवढाच घेतला गेला की हा सफेदा खोडकर आहे, याच्या कणांवर दुसऱ्या द्रव्याचा पापुद्रा चढवून त्याला गप्प करावे. कारखाने आजही तेच करतात, आणि म्हणून आपल्या भिंतींची भुकटी होत नाही.

याच सुमारास आपल्या देशात एक मोठे बुद्धिमान गृहस्थ हा खोडकरपणा वेगळ्या नजरेने पाहत होते, ही गोष्ट आपल्याकडे विसरली गेली आहे. अलाहाबादचे नीलरतन धर. धर आणि त्यांचे सहकारी गोपाळ राव यांनी १९३१ साली असे मांडले की, अमोनियाचे नायट्रेट होण्याची जी क्रिया शेतात चालते ती केवळ जंतूंची करणी नसून टायटेनियम डायऑक्साइडसारख्या द्रव्यांच्या मदतीने सूर्यप्रकाशही ती घडवून आणतो. उष्ण देशातल्या मातीला ऊन हेही एक खत आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. शेतातल्या क्रियेचे श्रेय विज्ञानाने पुढे मुख्यतः जंतूंनाच दिले आणि ते योग्यच होते. पण काचेच्या भांड्यात, टायटेनियमच्या पांढऱ्या भुकटीवर, सूर्यप्रकाशाने अमोनियासारखे द्रव्य बदलून दाखवणे हे काम त्यांनी जपान्यांच्या आधी चाळीस वर्षे केले होते.

जपान्यांचे नाव निघाले ते फुजिशिमा आणि होंडा या दोघांमुळे. टोकियोच्या विद्यापीठात फुजिशिमा हा होंडांच्या हाताखाली शिकणारा विद्यार्थी. टायटेनियम डायऑक्साइडचा स्फटिक त्याने पाण्यात ठेवला, त्याच्यावर प्रखर प्रकाश टाकला आणि पाण्यात बुडबुडे दिसू लागले. साल १९६७. पाण्याचे पृथक्करण होऊन प्राणवायू आणि हायड्रोजन निघत होते. १९७२ साली हे ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले आणि पुढच्याच वर्षी जगात तेलटंचाई उभी राहिली, तेव्हा पाण्यातून जळण काढणाऱ्या या दोघांकडे सगळ्यांचे डोळे लागले. जळणाची गोष्ट तितकी साधी निघाली नाही. पण १९७६ साली कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅनडात याच भुकटीने क्लोरिनयुक्त विषारी तेले पाण्यात मोडून दाखवली, १९७७ साली फ्रँक आणि बार्ड यांनी सायनाइड मोडले आणि घाण पाणी उन्हाने धुण्याचे शास्त्र जन्माला आले.

हे घडते कसे, ते सांगितल्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. एक पंगत बसली आहे असे समजा. सफेद्याच्या कणातले इलेक्ट्रॉन म्हणजे पाटांवर बसलेली मंडळी. प्रकाशाचा जोरदार धक्का बसला की एक जण पाटावरून उठतो आणि मागे पाट रिकामा राहतो. उठलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूला जाऊन चिकटतो आणि त्याला आक्रमक करतो. रिकामा पाट तर त्याहून दांडगा. तो शेजारच्या पाण्यातूनच इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा एक क्षणजीवी पण महाभुकेला तुकडा सुटतो. या दोघांपुढे रंग, फिनॉल, जंतुनाशके, जंतू, काहीही टिकत नाही. पुरता वेळ मिळाला तर शेवटी कर्बवायू, पाणी आणि थोडे क्षार उरतात. औषध घालावे लागत नाही, गाळ उरत नाही, जळण लागत नाही. वाचताना वाटते की मग एवढे असताना आपल्या नद्या अजून रंगीत का?

याला कारणे दोन. पहिले असे की, पाटावरून उठवण्याइतका धक्का देण्याची ताकद अतिनील किरणांतच असते. जुन्या पुस्तकांत त्यांना जंबुपार किरण म्हणत. आपल्या उन्हात शंभरातले जेमतेम चार-पाच भाग असे असतात. बाकीचे लखलखीत ऊन, ज्याने वैशाखात धाराशिवची ढेकळे फुटतात, ते या कामी वाया जाते. दुसरे कारण अधिक वाईट. पाटावरून उठलेला गृहस्थ बहुधा कोठेच जात नाही. तो लगेच मागे वळतो आणि पुन्हा आपल्या पाटावर बसतो! धक्क्याची सारी शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते.

कण बारीक करून पाहिले. बाजारात मिळणाऱ्या एका प्रसिद्ध जर्मन भुकटीचे कण मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढे असतात आणि तिच्या एक ग्रॅमच्या चिमटीचा पृष्ठभाग पन्नास चौरस मीटर, म्हणजे आपल्या दोन-तीन खोल्यांच्या घराएवढा भरतो. भाजणीचेही प्रयोग झाले. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा तेरला कोणीही सांगेल. येथे मात्र पारख उलटी आहे. साडेचारशे-पाचशे अंशांवर भाजलेली भुकटी चपळ असते. आच सहाशे-सातशेच्या पलीकडे गेली की स्फटिकांची ठेवण बदलते, मडके पक्के होते आणि कामातून बहुधा मंदावते. ती जर्मन भुकटी या दोन्हींचे मिश्रण आहे आणि दोघांपेक्षा सरस ठरली आहे, हीही एक गंमत.

पण उठलेल्याला पाटापासून दूर नेणारा कोणी तरी हवा होता. येथे बाजूला ठेवलेले काजळ हाती घ्यायचे.

कार्बनचा आणि स्वच्छ पाण्याचा संबंध आपल्याला नवा नाही. एकावर एक तीन माठ, मधल्यात वाळू आणि कोळसा, ही गाळणी शाळेच्या पुस्तकांतून सर्वांनी पाहिली आहे. कोळसा घाण धरून ठेवतो. पण धरून ठेवतो एवढेच. मोडत नाही, आणि पोट भरले की निकामी होतो. सफेद्याचे याच्या उलट. तो मोडतो, पण घाण आपण होऊन त्याच्याजवळ आली पाहिजे. दोघांना एकत्र आणले तर? १९९८ साली मातोस, लेन आणि हर्मान यांनी सक्रिय कोळसा आणि टायटेनियम डायऑक्साइड एकत्र करून पाण्यातल्या फिनॉलवर प्रयोग केला, तेव्हा काम सुमारे अडीचपट वेगाने झाले. कोळसा फिनॉल गोळा करून सफेद्याच्या दाराशी आणून सोडत होता.

तोवर कार्बनची दोन नवी रूपे उजेडात आली होती. १९९१ साली जपानच्या इजिमा यांनी कार्बनच्या नलिका जगापुढे ठेवल्या. केसाच्या जाडीत हजारोंनी मावतील इतक्या त्या बारीक. २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून-सोडवून अणूच्या एका थराचा पत्रा वेगळा केला. तो ग्रॅफीन. २०१० चे नोबेल पारितोषिक त्यावर मिळाले. ही दोन्ही रूपे विजेची उत्तम वाहक आहेत. सफेद्याच्या कणातून उठलेल्या इलेक्ट्रॉनला हात धरून ओसरीवर नेऊन बसवायला याहून चांगला यजमान कोण?

तसे तो खरोखर नेतो का, हे डोळ्यांना दिसेल अशा रीतीने दाखविण्याचा मान एका आपल्याच माणसाकडे जातो. मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात गेलेले प्रशांत कामत. २००८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यार्कात टायटेनियम डायऑक्साइडचे कण आणि ग्रॅफीनचे ऑक्साइड एकत्र ठेवून त्यावर अतिनील प्रकाश टाकला. तपकिरी द्रव पाहता पाहता काळा झाला. सफेद्याने सोडलेले इलेक्ट्रॉन कार्बनने स्वीकारले, याची ती काळी पावती.

आता तुळजापूरकडे वळू. आईच्या आरतीला कापूर लागतो, गोंधळ्यांच्या हाती पोत पेटतो आणि त्यांचा धूर पिढ्यान् पिढ्या चढत आला आहे. कापूर हवेत जाळला की काजळीचे धागे उडतात, हे आपण सर्वांनी आरतीच्या ताटावर पाहिले आहे. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक महेश्वर शेरॉन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात हाच कापूर हवेशिवाय, भट्टीतल्या नळीत तापवून पाहिला. मिळाले ते बारीक मण्यांसारखे कार्बनचे कण. पुढे त्यांचेच विद्यार्थी मुकुल कुमार यांनी जपानात आंदो यांच्याबरोबर लोखंडाच्या एका संयुगाची जोड देऊन कापरापासून नलिका मिळविल्या. ते काम २००३ साली प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य प्रयोगशाळा यासाठी खनिज तेलातून येणारे वायू वापरीत. झाडातून येणारा, घरगुती, पुन्हा पुन्हा पिकणारा पदार्थ त्या जागी बसवायचे सुचले ते आपल्याकडच्या माणसाला, याचे नवल वाटायला नको. शेरॉन दांपत्याने पुढे वनस्पतिजन्य कार्बनाचा हा उद्योग चालू ठेवला आणि तुळजापूरपासून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या सोलापुरात वालचंद महाविद्यालयाच्या आश्रयाने नॅनोतंत्रज्ञानाचे संशोधनकेंद्रही उभे राहिले. इकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नलिका आणि टायटेनियम डायऑक्साइड यांची जोडी जमवून, नलिकांचे प्रमाण कमी-अधिक करीत, साध्या दृश्य प्रकाशात जंतू कसे मरतात याचा अभ्यास झाला. तो २०१६ साली छापून आला. म्हणजे कार्बनमुळे अतिनीलाची अडचणही थोडीशी सैल होते.

प्रमाण मात्र फार सांभाळावे लागते. दिवाळीत कंदिलाची काच घासणाऱ्या मुलांना हे सांगायला नको. काचेवर काजळीचा पातळ थर चढला तरी उजेड मंदावतो. येथेही तेच. काही टक्क्यांपर्यंत कार्बन मदत करतो. त्यापुढे तोच सारा प्रकाश पिऊन टाकतो आणि सफेदा अंधारात बसतो.

२०१० साली चिनी संशोधकांनी ती जर्मन भुकटी ग्रॅफीनवर बसवून मेथिलीन ब्लू हा रंग झपाट्याने उडवून दाखविला. त्यानंतर अशा प्रयोगांचा जो पूर आला तो अजून ओसरलेला नाही. निळे पाणी, भुकटी, दिवा, आणि तासाभराने स्वच्छ पाणी! छायाचित्र सुरेख येते. परंतु येथे थोडे सावध राहणे बरे, आणि हा सावधपणा त्या शास्त्रातल्याच विचारी लोकांनी शिकवला आहे. मेथिलीन ब्लूचा रंग तो मोडल्यावाचूनही जाऊ शकतो. इलेक्ट्रॉन मिळाला की तो बेरंगी होऊन बसतो आणि हवा लागली की पुन्हा निळा होतो. शिवाय रंग स्वतःच दृश्य प्रकाश पकडतो, तेव्हा काम कोणी केले, उत्प्रेरकाने की रंगाने, हे सांगणे कठीण पडते. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसले म्हणजे विष गेले असे नव्हे. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय त्या छायाचित्राला फारशी किंमत देऊ नये.

त्याच २०१० साली चीनमधल्याच फुचौ विद्यापीठातल्या शू यांच्या गटाने एक प्रश्न विचारला. त्यांनी रंग न घेता बेंझीनची वाफ घेतली आणि विचारले की, ग्रॅफीनची जोडी इतर कार्बनांच्या जोडीपेक्षा खरोखर वेगळी आहे का? उत्तर आले, तत्त्वतः नाही. नीट तुलना केली तर ग्रॅफीन काही निराळी जादू करीत नाही. नलिका, साधा सक्रिय कोळसा आणि ग्रॅफीन यांची मदत एकाच जातीची आहे. महागड्या पत्र्याच्या शेजारी माठातला कोळसा मानाने बसावा, असेच हे झाले. कापूर नळीत तापवणाऱ्यांना आणि गावोगावच्या खर्चाचा विचार करणाऱ्यांना ही बातमी आनंदाचीच वाटली पाहिजे.

धाराशिवच्या पाण्यापुरते बोलायचे तर ऊन मुबलक आहे, पाणीच बेताचे आहे. बोअर खोल गेले तसे पाणी जड झाले, चुलीवरच्या पातेल्याला पांढरा थर धरू लागला. या जड पाण्यातले बायकार्बोनेट आणि क्लोराइड ते महाभुकेले हायड्रॉक्सिल मधल्या मध्ये गिळून टाकतात. प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातित पाण्यात जे काम तासात होते ते बोअरच्या पाण्यात कितीतरी रेंगाळते. आणि ज्या विहिरींत फ्लोराइड आहे तेथे तर या उपायाचा उपयोगच नाही, कारण फ्लोरिन हे मूलद्रव्य आहे. ते गाळून वा धरून ठेवता येईल, मोडून आणखी बारीक करता येणार नाही. रंग, कीटकनाशके, औषधांचे अंश, जंतू, अशी मोडण्याजोगी घाण ज्या पाण्यात आहे तेथेच सफेदा आणि काजळ यांनी उतरावे.

राहिली एक अडचण, आणि ती पुस्तकी नाही. पांढरी भुकटी पाण्यात घातली की पाणी दुधासारखे होते आणि ते दूध पुन्हा पाणी व्हायला तयार नसते. कण इतके बारीक की कापडातून सहज निसटतात. ते पोटात जावेत असेही कोणाला वाटत नाही. खाण्याच्या पदार्थांत हा सफेदा घालण्यावर युरोपने २०२२ साली बंदी घातली आहे. म्हणून आता भुकटी सुटी न घालता ती कोळशाच्या खड्यांवर, कार्बनच्या तंतूंवर किंवा मण्यांवर भाजून बसवितात. खडा जड असतो, तळाशी बसतो, उचलून धुता येतो, उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतो. किती वेळा वापरल्यावर खड्यावरचा सफेदा सुटू लागतो, पाच की पन्नास, यावर हौदाचा सारा हिशेब अवलंबून आहे. असा लेख वाचावयास मिळाला तर त्यातले रंगीत आणि स्वच्छ बाटल्यांचे चित्र सोडून आधी तो आकडा पाहावा.